ओप्पारी घरात म्हणत नाहीत

बेंगळूरला चामराजपेटेत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले, तेव्हा पहिले काही दिवस माझी पक्की समजूत होती की खालच्या आजी रोज संध्याकाळी पोथी वाचतात. आवाज खणखणीत, भाषा तमिळ. मी निपाणीची. मराठी आणि कानडी मला सारख्याच येतात, तमिळचं मात्र एक अक्षर कळत नाही. पण पोथी वाचणारं माणूस एकच वाक्य तीन-तीनदा वाचत नाही, आणि मधेच थांबून "सारात स्वल्प मीठ कमी पडलंय ग" असंही म्हणत नाही. शिवाय दर वाक्यानंतर लॅपटॉपच्या कळा बडवल्याचा आवाज यायचा. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला खोड आहे आणि ती मी लपवत नाही. एका संध्याकाळी रिकामा डबा परत द्यायच्या निमित्ताने खाली गेले आणि सरळ विचारलं.

"पोथी?" घरमालकांची सून दिव्यश्री हसायला लागली. "कादंबरी आहे हो अमृता. अत्ते वाचतात, मी इंग्रजीत लिहिते."

अत्ते म्हणजे तिच्या सासूबाई, सकवारबाई. कानडी मुलखातल्या कितीतरी घरांत सासूला असंच म्हणतात. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, समोर अवरेकाईच्या शेंगांचा ढीग, आणि पोळपाटाला टेकवून उभं केलेलं पुस्तक. शेंग सोलायची, ओळ वाचायची, असं चाललं होतं. जेवणाच्या टेबलाशी दिव्यश्री. बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीवर तिचे सासरे हंबीरराव कानडी पेपर वाचण्याचं सोंग करत सगळं ऐकत होते. तिचा नवरा अभिराज कंपनीच्या कामाने सदा फिरतीवर, तो मला वर्षभरात चारदा दिसला असेल.

"पण तुम्ही स्वतः का वाचत नाही?" मी विचारलं.

"मला तमिळ वाचता येत नाही," दिव्यश्री म्हणाली.

मला वाटलं ही थट्टा करतेय. तमिळ वाचता येत नाही आणि तमिळ कादंबरीचं भाषांतर करतेय! पण ते खरंच होतं. दिव्यश्री ह्याच पेठेत वाढली. आजूबाजूला तमिळ घरं, खेळायला तमिळ पोरी, त्यामुळे भांडण्यापासून ओव्यांपर्यंत सगळं तमिळ तिला येत होतं, फक्त कानाने. शाळेत कानडी आणि इंग्रजी, घरात मराठी. तमिळ लिपी तिला कुणी शिकवली नाही आणि पुढे तिनेही मनावर घेतलं नाही. सकवारबाईंचं माहेर तंजावरचं, तिकडच्या मराठ्यांतलं. त्या तमिळ शाळेत शिकलेल्या. लग्न होऊन बेंगळूरला आल्या त्या ट्रंकभर तमिळ मासिकं घेऊन. त्या वाचायच्या, सून ऐकायची. असं ऐकता ऐकता एक दिवस सुनेला वाटलं, हे इंग्रजीत कसं होईल बघू या. झालं, तेव्हापासून हे खूळ.

पोटापाण्याला दिव्यश्री पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात होती. पंपासोबत जी माहितीपुस्तिका मिळते ती इंग्रजीत लिहायचं तिचं काम. मी पुढे रोजच खाली जाऊन बसायला लागले. बँकेत दिवसभर माणसांच्या तक्रारी ऐकल्यावर हे दोघींचं काम बघणं मला सिनेमापेक्षा बरं वाटायचं. तीनदा का वाचायचं, तेही मी विचारून घेतलं. पहिल्यांदा गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा शब्दांसाठी. तिसऱ्यांदा श्वासासाठी. छापलेला पूर्णविराम दिव्यश्रीला दिसायचाच नाही. सकवारबाई जिथे श्वास घेतील तिथे तिचं इंग्रजी वाक्य थांबायचं. आणि इंग्रजीत उतरवण्याआधी ती ते वाक्य एकदा मराठीत पुटपुटायची. सुरुवातीला मला वाटलं हा उगाच वळसा. पण मराठीत आल्यावर ती माणसं तिला घरातली वाटायची, आणि घरातलं माणूस कसं बोलेल ते तिला कळायचं.

खरी गंमत त्याच्यानंतर. मामा, काका, आतोबा, सगळ्यांना इंग्रजीत एकच अंकल. थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ ह्यांत इंग्रजांना काही फरकच वाटत नाही. कादंबरीतली बाई बाहेर पडताना "जाऊन येते" म्हणते, आपण नुसतं "येते" म्हणतो, आणि इंग्रजीत ते लिहिलं की बाई धमकी देतेय असं वाटतं. ह्या एका "येते"पायी दिव्यश्रीने सबंध रविवार घालवला. सकवारबाईंना त्यात नवल वाटायचं.

"जाते म्हणतात ते लोक? तोंड उघडून? आणि घरातलं कुणी काही बोलत नाही?"

त्या घरात "जाते" हा शब्द कुणी उच्चारत नसे. दिवा विझवत नसत, शांत करत. बांगडी फुटली की वाढली म्हणायचं. मीही घरी हेच ऐकत वाढले, त्यामुळे त्यात मला काही विशेष दिसलं नाही. तिथेच लक्ष द्यायला हवं होतं.

ती कादंबरी होती मरगदम अम्मांची. ह्या बाई तंजावरकडच्याच, कावेरीकाठच्या एका खेड्यातल्या. शाळेत इतिहास शिकवता शिकवता त्यांनी एकच कादंबरी लिहिली, नावाजली गेली, आणि म्हातारपणी बेंगळूरजवळ आनेकलला लेकाकडे येऊन राहिल्या. इंग्रजी त्या सावकाश वाचायच्या, बोलायच्या मात्र तमिळच. त्यांच्या कादंबरीचं इंग्रजी आधी दोघांनी केलं होतं आणि अम्मांनी दोघांनाही हाकललं होतं. का, ते त्या कुणाला सांगत नसत. दिव्यश्रीला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, आधी पूर्ण कर, मी वाचते, मग सहीचं बघू. सहीशिवाय प्रकाशक पुस्तक छापणार नव्हता. म्हणजे दोन वर्षांच्या संध्याकाळी एका म्हातारीच्या होकारावर टांगलेल्या होत्या. मला त्या बाईंचा न बघताच राग यायचा.

भाषांतर पूर्ण झालं, आनेकलला पोचतं केलं, आणि बऱ्याच दिवसांनी बोलावणं आलं. दिव्यश्री एकटी जायला घाबरत होती, आणि मला तर ती म्हातारी बघायचीच होती. मार्केटहून बस धरून दोघी गेलो. गावाच्या कडेला, रागीच्या शेतापुढे बैठं घर. व्हरांड्यात मरगदम अम्मा खुर्चीत बसलेल्या, मांडीवर आमचा कागदांचा गठ्ठा. बाई अगदी लहानखुऱ्या. त्या तमिळमध्ये बोलत होत्या आणि दिव्यश्री मला हळूच मराठीत सांगत होती.

"चांगलं झालंय," अम्मा म्हणाल्या. "माझ्या बायका इंग्रजी बोलताना लाजत नाहीत. पण अकरावं प्रकरण कुठे आहे?"

"आहे ना," दिव्यश्री म्हणाली. "चेल्लम्माचा नवरा मुरुगेसन जातो. ती रात्रभर रडते."

"रडते? कोण म्हणालं? माझी चेल्लम्मा टिपूस काढत नाही. ती ओप्पारी म्हणते. नवऱ्याच्या उशाशी बसून, पानंच्या पानं. सगळी कादंबरी मी त्या ओप्पारीसाठी लिहिली. आधीच्या दोघांनी अवघड म्हणून ती गाळली, आणि वर मला सांगितलं की इंग्रजीत ती कंटाळवाणी होते. तू प्रामाणिक वाटली होतीस मला."

हे मला मराठीत सांगायलाही दिव्यश्री विसरली, ते सगळं मी बसमध्ये तिच्याकडून काढून घेतलं. येताना ती सबंध वाट खिडकीबाहेर बघत होती. तिला चोर ठरवलं होतं, आणि चोरी काय ते तिला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर तिने चप्पलही नीट काढली नाही.

"अत्ते, अकराव्या प्रकरणात काय वाचलंत तुम्ही?"

सकवारबाईंचे हात शेंगा सोलत राहिले. "वाचलं की. ती रडली म्हणून."

"ते पुस्तकात नाहीच."

"नाही. ते मी घातलं."

म्हणजे ज्या एका वाक्यापायी दिव्यश्री चोर ठरली, त्याच्या लेखिका सकवारबाई! आपल्या मनाने तमिळ वाक्य रचून, तीनदा वाचून, श्वाससुद्धा बरोबर घेऊन त्यांनी ते सुनेच्या गळ्यात मारलं होतं. मला हसू आवरेना. दिव्यश्रीला मात्र रडू येत होतं.

"का पण?"

"ओप्पारी ती. माणूस गेल्यावर त्याच्यापाशी बसून बायकांनी म्हणायची. ज्या घरात कुणी गेलेलं नाही तिथे ती कुणी ओठांवर आणत नाही. आणि ही तर बायकोने नवऱ्यामागे म्हणायची. भरल्या घरात, तिन्हीसांजेला, हे बाहेर बसलेले असताना, मी म्हणू? पुस्तक मोठं असेल तुझं. माझं कुंकू लहान आहे काय?"

हंबीररावांचं छातीचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं होतं. त्यांनी पेपराचं पान उलटलं. दिव्यश्रीचा राग गेला नाही, पण तो काढायला वाट राहिली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. संध्याकाळचं वाचन थांबलं. दिव्यश्रीने फोनवर ती पानं वाचून दाखवणारी सोय शोधली. फोनने ओप्पारी अशी वाचली की जणू मेट्रोतली सूचना, पुढचं स्टेशन अमुक, दरवाजे डाव्या बाजूला उघडतील. तिला शब्द सगळे कळले आणि हाती काही लागलं नाही. समोरच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलीला बसवलं, ती वाचता वाचता खिदळायला लागली. "मग द्या ना सोडून," मी वैतागून म्हटलं. "कोण कुठली म्हातारी, एका रडगाण्यासाठी अडून बसलीय." दिव्यश्रीने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा पिऊन गुपचूप वर गेले.

शेवटी तोंड उघडलं ते हंबीररावांनी. एका सकाळी कॉफीचा पेला हातात घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी दुधाची पिशवी घ्यायला खाली गेले होते, म्हणून हे मी कानांनी ऐकलं.

"अगं, मी गेल्यावर तू म्हणशील ती चांगलीच म्हणशील. पण मला ती ऐकू यायची नाही. सगळ्या पेठेने ऐकायची आणि ज्याच्यासाठी म्हणायची त्यानेच नाही, हा कुठला न्याय? आत्ता म्हण. मला ऐकायचीय."

सकवारबाईंनी हातातली कोथिंबिरीची जुडी त्यांच्या अंगावर फेकली आणि देवघरात जाऊन बसल्या. संध्याकाळी बाहेर आल्या त्या अट घेऊनच. घरात नाही. आनेकलच्या बाईंचा नवरा पूर्वीच वारला आहे, त्यांच्या घरात ती म्हणायला हरकत नाही. आणि म्हणतील त्या बाई. सकवारबाई फक्त ऐकतील आणि वाक्यं समजावून देतील. "आणि हे येणार नाहीत."

"मी येणार," बाहेरून आवाज आला.

रविवारी टॅक्सी करून आम्ही चौघं निघालो. दोन्ही म्हाताऱ्या भेटल्या आणि आम्हाला विसरूनच गेल्या. कुठलं गाव, कुठला कालवा, कुणाची शाळा. मरगदम अम्मांना आधीचा सगळा प्रकार दिव्यश्रीने फोनवर सांगितला होता. त्या सकवारबाईंच्या कपाळावरच्या मोठ्या कुंकवाकडे एकदा बघून म्हणाल्या, "तुमचं चुकलं नाही. मीही ती पानं लिहिली तेव्हा घराबाहेर बसून लिहिली."

मग त्यांनी डोळे मिटले आणि गुडघ्यावर हलकेच हात मारत सुरुवात केली. मला तमिळ येत नाही, हे मी सांगितलंच. पण माझ्या अंगावर काटा आला. ते गाणं नव्हतं आणि रडणंही नव्हतं. बाई कुणाला तरी जवळ बसवून जाब विचारतेय असं ते होतं. दिव्यश्रीने मला नंतर सांगितलं त्यातलं थोडं असं. पान वाढलंय माझ्या राजा, भात निवतोय, तू कुठल्या पंगतीला बसलास. पाट पाण्याने भरलाय, मोट कुणी धरायची. दाराला तुझ्या हाताची कडी, ती मी आतून लावू की बाहेरून.

मधेच अम्मांचा दम संपला. खोकल्याची उबळ आली, हात नुसता गुडघ्यावर हलत राहिला. आणि पुढची ओळ सकवारबाईंनी उचलली.

त्या म्हणणार नव्हत्या. पण त्यांना ती चाल येत होती. लहानपणी गल्लीच्या टोकाला कुणी गेलं की त्यांची आई खिडक्या लावून घ्यायची आणि ह्या फटीला कान लावून बसायच्या. सत्तर वर्षं ते गळ्यात तसंच राहिलं होतं. पुस्तक अम्मांच्या मांडीवर, डोळे पुस्तकावर, आणि आवाज असा की शेतातून जाणारी एक बाई थांबून बघायला लागली. हंबीरराव काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ते एकटक बायकोकडे बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना तमिळ पुरतं कळायला लागलं होतं.

एका जागी सकवारबाई थांबल्या. श्वासासाठी नव्हे. तिथे चेल्लम्मा म्हणते, तुझं नाव मी कधी घेतलं नाही, आता कुणाची भीती, आता हाक मारते, आणि मग नाव येतं. सकवारबाईंनी हंबीररावांकडे बघितलं. हंबीररावांनी मान हलवली, घे म्हणून. पण सकवारबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. मुरुगेसनचंही नाही. तेवढी जागा रिकामी सोडून त्या पुढच्या ओळीवर गेल्या आणि शेवटपर्यंत म्हणाल्या. अम्मा म्हणाल्या, "राहू दे. तुमच्यापुरती ती जागा रिकामीच राहू दे."

परतताना टॅक्सीत दिव्यश्री एकाएकी कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "मी सगळी कादंबरी नासवलीय."

पंपाच्या पुस्तिकेत "तो", "ते" असं लिहून चालत नाही. दर वेळी भागाचं नाव घ्यावं लागतं, नाहीतर माणूस भलताच नट पिळतो. त्याच सवयीने तिने चेल्लम्माच्या तोंडी पानोपानी मुरुगेसनचं नाव घातलं होतं. मूळ तमिळमध्ये ती आयुष्यभर "हे", "आमच्याकडचे" एवढंच म्हणते. इंग्रजी वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून दिव्यश्रीने तिला दहा प्रकरणं नवऱ्याला नावाने हाक मारायला लावली होती. मग अकराव्यात तिने नाव घेतलं काय आणि न घेतलं काय!

घरी पोचल्याबरोबर सकवारबाईंनी सगळ्यांना आंघोळीला पिटाळलं, मलासुद्धा. हंबीररावांना दारात बसवून मीठमिरच्या उतरवल्या आणि विस्तवात टाकल्या. घरभर ठसका उठला. "ओप्पारीने नाही गेलो," हंबीरराव खोकत म्हणाले, "ह्या मिरच्यांनी जाणार." त्यावर सकवारबाईंनी डोळे असे वटारले की ते मुकाट्याने आत गेले.

दिव्यश्री पुन्हा पहिल्या पानापासून बसली. चेल्लम्माच्या तोंडचं एकेक नाव काढायचं आणि तरी कोण कुणाबद्दल बोलतंय ते कळायचं, ह्यात तिचा सबंध पावसाळा गेला. ओप्पारी तर ती लिहायची आणि खोडायची. आनेकलला फोनवर ध्वनिमुद्रण करून घेतलं होतं, पण ते तिने घरात कधी लावलं नाही. पीण्याला जाता-येता मेट्रोत कानात घालून ऐकायची. गठ्ठा पुन्हा आनेकलला गेला. ह्या वेळी अम्मांनी बोलावलं नाही. सही केलेला कागद टपालाने आला, दुसरं काही नाही. दिव्यश्रीने तो देवापुढे ठेवला आणि ती तिथेच बसून रडली. मीही रडले, मला काय झालं होतं कोण जाणे.

पुस्तक निघालं. हंबीररावांनी ते उलटसुलट करून बघितलं, सुनेचं नाव बोटाने चाचपलं आणि शेजारपाजारी दाखवून आले. त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी कॉफी घेऊन ते आरामखुर्चीत बसले आणि उठले नाहीत. ब्याऐंशी वर्षांचे होते. मला त्यांची फार सवय झाली होती.

माणसं जमली. तंजावरकडच्या बायका सकवारबाईंभोवती बसून वाट बघत राहिल्या. सकवारबाई गप्प. त्यांच्या एका चुलत बहिणीला ते बघवेना. "अक्का, एकदा मोठ्याने रड ग. म्हण काहीतरी. आतल्या आत ठेवू नको."

"म्हटलंय मी," सकवारबाई म्हणाल्या. "त्यांनी ऐकलंय."

दिवस-कार्य उरकलं, पाहुणे आपापल्या घरी गेले. एका संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला होता आणि मी खाली दिव्यश्रीपाशी बसले होते. सकवारबाई पाटावर येऊन बसल्या.

"तुझं पुस्तक आण," त्या सुनेला म्हणाल्या. "अकरावं वाच."

"अत्ते, घरात?"

"आता घरात चालतं."

दिव्यश्री उठली नाही. "इंग्रजी आहे हो ते. तुम्हाला कळायचं नाही."

"वाच तू."

तिने वाचायला सुरुवात केली. सकवारबाईंनी डोळे मिटले होते. हात गुडघ्यावर हलकेच पडत होता. मी इंग्रजीकडे लक्ष देणार होते, पण माझं लक्ष त्यांच्याकडेच गेलं. दिव्यश्री ओळीच्या शेवटी थांबली की त्याही श्वास घेत होत्या. दर वेळी, तिच्या बरोबरीने. एकही शब्द न कळता त्यांना पान कळलं, भात कळला, दाराची कडी कळली. मग ती जागा आली. दिव्यश्रीने श्वास घेतला, पुढे नाव होतं.

"हंबीरराव," सकवारबाई म्हणाल्या.

लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर त्या घरात कुणी त्यांच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं. छापलेलं नाव सोडून दिव्यश्री पुढची ओळ वाचायला लागली.